चेहऱ्यावर आलेली माता

हरीओमच्या नव्या चेहऱ्यावर लाल पुरळ उठलं आणि त्याच्या मायनं, कस्तुराबाईनं, दाराले कडुलिंबाचा डगाळा बांधला.

"माता आली," ती म्हणाली. रडत होती, पण आनंदानं.

चेहरा मूळचा हरीओमचा नव्हता. सोयाबीनच्या मळणीत इंजिनात डिझेल टाकताना भडका उडाला, त्यात नाक, ओठ, गाल सगळं गेलं. मग दूरच्या मोठ्या दवाखान्यात एका मेलेल्या माणसाचा चेहरा त्याले शिवला. तेव्हापासून रोज गोळ्या. जन्मभर. नाहीतर अंग हा चेहरा परका समजून टाकून देईल, असं डॉक्टर बोलले होते.

पण घरात माता, म्हणजे गोवर-कांजण्यांची देवी, असली की औषध चालत नाही. फोडणीसुद्धा नाही. कस्तुराबाईनं गोळ्या उचलल्या आणि धान्याच्या कोठीत लपवल्या.

"आत्याबाई, लाल दिसलं की लगेच फोन करा म्हणत होते डॉक्टर," हरीओमची बायको मंजुषा बोलली.

"डॉक्टरले माता समजते का वं? परक्याच्या कातड्यावर माता येते का, सांग मले! नाई येत. म्हंजे हे तोंड आता माह्या लेकराचं झालं. बाया म्हणत, कस्तुरा मुडद्याचं तोंड घरात घेऊन बसली. आता म्हणा म्हणावं!"

हरीओमले ठाऊक होतं हे काय आहे. पण घरी आल्यापासून मायनं त्याच्या तोंडाकडं नीट पाह्यलंच नव्हतं. भाकर वाढायची ते ताटाकडं पाहून. आता जवळ बसून ती गालावरून पाला फिरवत होती, टक लावून पाहत होती. पाला त्याले अर्धामुर्धाच जाणवे. मायची नजर पुरी जाणवे. कोठीकडं तो गेलाच नाही.

ओठ सुजले. पाणी पेता पेता हनुवटीवरून सांडू लागलं.

"तोंड जाऊ द्याचं हाय का तुमाले?" मंजुषा त्याच्यासमोर उभी राह्यली. "तसं असंल तर सांगा. मी गुमान बसतो."

हरीओमनं सदरा काढला.

"माय, पाठ पाह्य. छाती पाह्य. कुठी हाय माता?"

अंग कोरं होतं. त्यानं मायचं बोट धरलं अन् जबड्याखालच्या टाक्यांवर ठेवलं. टाक्यांच्या वर लालेलाल. खाली एक पुळी नाही.

"माता टाक्यापाशी येऊन थांबते का वं?"

कस्तुराबाईचं बोट एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फिरलं.

"मंग हे काय हाय रे, बाप्पा?"

"माहं अंग याले बाहेर काढून राह्यलं."

ती उठली. कोठीत कोपरापर्यंत हात घालून गोळ्या काढल्या, मंजुषाच्या हातावर ठेवल्या. मंजुषानं फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आत्ताच निघा. चेहरा वाचंल की नाही, ते पाह्यल्याशिवाय सांगता येणार नाही.

शेलूबाजारातून जीप केली. कस्तुराबाई मुद्दाम हरीओमच्या समोर, त्याच्याकडं तोंड करून बसली. लोक पाहतात म्हणून हरीओमनं दुपट्टा नाकावर ओढला.

"काढ तो," ती बोलली.

"लोकं पाह्यतात, माय."

"पाहू दे. मले बी पाहू दे. हाय तवर."