आत्याचा घोडेवाला

आमच्या चांगुणाआत्यासमोर ‘कंट्री’ हा शब्द काढायची सोय नाही. तिचा नवरा देशी दारूपायी गेला, ती चांदवडजवळच्या माहेरी परत आली, आणि इथंही कंट्रीचं दुकान बघून तिचं डोकंच फिरलं. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी मतदानात आडवी बाटली निवडली की दुकान उठतं. आत्यानं दारोदार फिरून बाया रांगेला उभ्या केल्या आणि दुकान उठवलं. अशी बाई मी दुसरी बघितली नाही. आई-वडील गेल्यावर मला तिनंच वाढवलं.

गाण्याचं वेडही तिच्यामुळंच. देवळाली कॅम्पातल्या बाजारातून तिनं भजनं ऐकायला जुना टेप आणला, त्यासोबत एक इंग्रजी कॅसेट फुकट आली. खोक्यावर टोपीवाला बाबा आणि घोडा. मी आठ वर्षांची, इंग्रजीतलं ओ की ठो कळायचं नाही. पण गाण्याच्या शेवटाला त्याचा आवाज असा मोडायचा की मी कॅसेट मागं फिरवून तेवढंच परत ऐकायची. कांदे निवडता निवडता आत्या म्हणायची, “लाव गं तुझा घोडेवाला. लय खरं रडतो मेला!”

बारावीनंतर मी गिटार मागितली. लोकांनी नाकं मुरडली, आत्यानं आणून दिली.

आता मी नाशकात नोकरी करते. गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका कॅफेत माझा पहिला कार्यक्रम ठरला. बाहेर बोर्ड लागला: ‘रविवारी संध्याकाळी पाच वाजता, दिशा आणि कंट्री’. आत्याला मी मुद्दामच काही कळवलं नाही. म्हटलं, घरी जाऊन नीट समजावू. पण आमच्या चुलतभावानं, राजूनं, मोबाईलवर बोर्डाचा फोटो बघितला आणि तिला जाऊन सांगितलं, “दिशा नाशकात कंट्रीत गाते.”

झालं! पाचच्या ठोक्याला आत्या दारात. पदर खोचलेला, मागं तिची मैत्रीण नवसाबाई आणि गावातल्या आणखी दोघी.

“मालक कोन हाय इथला?”

कॅफेवाला प्रफुल्ल बिचारा पुढं आला. “मावशी, कॉफी घेणार?”

“बाटल्या कुठं ठेवल्यात ते सांग आधी!”

नवसाबाईनं काउंटरमागून चॉकलेट सिरपची बाटली काढली, वास घेतला आणि गोंधळून तशीच हातात धरली. आत्या तोवर माझ्यापुढं येऊन उभी.

“दिशे, चल घरी. ह्याच्यासाठी वाढवली व्हय गं तुला?”

आत्या चिडली तर मी निभावून नेते. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला तर मला या जगात दुसरं कोण आहे? समोरचा माईक मी बाजूला सारला. गिटार जवळ ओढली. मी त्या कॅसेटमधल्या पहिल्या गाण्याची सुरावट वाजवली.

आत्या थबकली. “अगं, हा तर घोडेवाला!”

“ह्यालाच कंट्री म्हणतात, आत्या. म्हणजे गावाकडचं गाणं.”

“मग गावाकडचं म्हना की! दारूचं नाव कशाला देता, मेल्यांनो?”

सगळे हसले. आत्या डोळे पुसत पुढच्याच खुर्चीत बसली, बाकीच्या तिच्या शेजारी. मग मी मीच रचलेलं मराठी गाणं म्हटलं, घोडेवाल्याच्या धाटणीचं. उन्हातली रांग, आडवी बाटली, आणि एकटीनं दुकान उठवणारी माझी आत्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्यानं मात्र हात हलवला नाही. ती उठून उभी राहिली.

“खोटं हाय हे.”

“काय खोटं आहे, आत्या?” मी विचारलं.

“मी एकटीनं कुठं उठवलं? मतदानाच्या दिवशी ह्या नवसाबाईच्या नवऱ्यानं हिला घरात कोंडलं होतं. कौलं काढून आली ही, गुडघे फुटलेले, तशीच रांगेत हुबी राह्यली. हिचं नाव कुठाय तुझ्या गान्यात?”

नवसाबाई खाली बघायला लागली. “राहू दे गं चांगुणा.”

“नाय राहू देनार. घाल गं नाव. आन् पहिल्यापासनं म्हन.”

मी ‘एकटीनं’ काढलं, नवसाबाईचं नाव घातलं आणि पहिल्यापासून म्हटलं. माईकमधून नाव आलं तशी नवसाबाई सिरपची बाटली छातीशी धरून रडायला लागली. घोडेवाल्यासारखीच, लय खरं.