सूटकेसवरून पडणारा

"आधी डावा गुडघा, मग कंबर, खांदा सगळ्यात शेवटी," असं म्हणत सुमंत आपल्या टेक्सासमधल्या अर्विंग गावच्या घराच्या गॅरेजमध्ये पुन्हा एकदा घोड्यावरून पडला. घोडा म्हणजे भारतात जातानाची मोठी चाकांची सूटकेस, तिच्या हँडलला बांधलेलं पुठ्ठ्याचं तोंड. खाली योगाची मॅट होती, तरी उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"आणि पडताना ऑडियन्सकडे बघायचं नाही. तुला पडायचंच होतं हे त्यांना कळता कामा नये."

परीक्षितनं खुर्चीत बसल्या बसल्या ते फोनमध्ये लिहून घेतलं. तो सुमंतच्याच ऑफिसात डायरेक्टर होता आणि तिथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनातला कायमचा हीरो. टेक्सासात राहतात म्हणून मंडळी दरवर्षी काउबॉयचं प्रहसन करायची. परीक्षितनं पांढरी हॅट घालून ताठ उभं राहायचं, आणि हीरोचा लंगडा, बडबड्या जोडीदार झालेल्या सुमंतनं बाकीचं सगळं करायचं. राजमा करपवायचा, दरोडेखोरांच्या हाती सापडायचं, घोड्यावरून पडायचं. असं अकरा वर्षं चाललं होतं. लंगडण्याचं सोंग घेता घेता सुमंतचा डावा गुडघा खरंच कामातून गेला होता.

माणूस या कामात पटाईत होता, पण त्याला त्याची लाज वाटायची. लहानपणी नागपुरात वडील त्याला रविवारी सकाळी असले सिनेमे दाखवायला न्यायचे. हीरो दिसला की ते खुर्चीत सावरून बसायचे आणि जोडीदार दिसला की म्हणायचे, "येडं आहे बिचारं." तेव्हापासून जोडीदारावर हसणारी माणसं सुमंतच्या कानात तेच म्हणत असायची.

म्हणून पहिल्याच वर्षी त्यानं घरी फोनवर ठोकून दिलं की हीरोचं काम मिळालंय. मग दरवर्षी प्रयोग झाला की परीक्षितची हॅट मिनिटभर मागून घ्यायची, एक फोटो काढायचा आणि नागपूरला धाडायचा. व्हिडिओ मागितला की रेकॉर्डिंग बिघडलेलं असायचं. वडील ते खरं मानूनच गेले.

यंदा मात्र आई, कमलाबाई, तीन महिन्यांसाठी आली होती. वय शहात्तर, परत येणं होणार नव्हतं. शेवटी सुमंतनं परीक्षितला खाली मान घालून सगळं सांगितलं, थापेसकट. परीक्षित पोटभर हसला. मग म्हणाला, "ओके यार, एक दिवस तू हो हीरो. पण मला नीट पडायला शिकव." सुमंतनं तीन आठवडे जीव ओतून शिकवलं. हातचं काही राखून ठेवायला हवं होतं, पण ते त्याच्या स्वभावातच नव्हतं.

संमेलनाच्या दुपारी शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. दुखऱ्या गुडघ्यासाठी दोन गोळ्या घेऊन सुमंत पांढऱ्या हॅटीत उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की नुसतं उभं राहणं आपल्याला येत नाही. हातांचं काय करायचं तेच कळेना. तिकडे परीक्षित लंगडत आला, चव घेऊन राजमा टोपीत ओतला, टोपी डोक्यावर घातली, आणि लोक खुर्च्यांवरून कलंडायचे बाकी राहिले. एकेक लकब सुमंतची. परीक्षित सूटकेसवरून पडला तेव्हा सवयीनं सुमंतचेही गुडघे वाकले. पहिल्या रांगेत आई पदरानं डोळे पुसत हसत होती. हीरोकडे तिचं लक्षच नव्हतं.

प्रयोगानंतर ती सुमंतला ओलांडून थेट परीक्षितकडे गेली.

"हसून हसून पोट दुखलं जी माझं. अकरा वर्षं तुम्हीच हे काम करता ना? हा आपला खांबासारखा उभा. याला उभं ठेवायला तुम्ही पडता, मला काय दिसत नाही?"

परीक्षितनं सुमंतकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. ते त्यानं बोलावं असं सुमंतला फार वाटत होतं, आणि ते आपण बोलावं तर अकरा फोटोंचं काय करायचं हेही कळत नव्हतं.

"चालायचंच, काकू," परीक्षित हसून म्हणाला. "कुणाला तरी पडावंच लागतं."

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. सुमंतचे बाबा हे बघायला हवे होते, असं म्हणाली. मग सुमंतला तिनं आपला आणि परीक्षितचा फोटो काढायला लावला. निघताना पर्समधली बामची डबी काढून तिनं परीक्षितच्या हातात दिली, गुडघ्याला चोळा म्हणून बजावलं.

पार्किंग लॉट लांब होता आणि गोळ्यांचा असर उतरला होता. पुठ्ठ्याच्या तोंडाची सूटकेस ओढत सुमंत लंगडत पुढे चालला होता. मागून आईचा आवाज आला.

"सुमंता, त्यांची नक्कल नको करू. तुला नाही जमत ते."

सुमंत पाय सरळ टाकत गाडीपर्यंत गेला.