आधी बंद कर, मग डिस्क लाव

साहेब, चंद्रावती मावशीचा अर्ज तुम्ही मारलात. यंत्राने नाही.

त्या दिवशी पेडण्याच्या आपल्या कचेरीत मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या, अर्जांची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. मावशी कोरगावची. भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेतल्या घरात तिच्या तीन पिढ्या गेल्या; घर आपलं ठरवून घ्यायला हा एकच अर्ज, तोही फक्त ऑनलाइन. दुपारी बाराला मी, तुमचा कंत्राटी देवेश, तिचे कागद स्कॅन करून चढवत होतो. अर्ध्यावर अडकलं. आपला सर्व्हर म्हणजे मुंबईतल्या एका कंपनीच्या क्लाउडवर भाड्याने घेतलेलं यंत्र. त्याची डिस्क भरली होती.

मी म्हटलं, "साहेब, नवी डिस्क चालू यंत्रालाच जोडता येते. ऑपरेटिंग सिस्टीम ती ओळखते. दहा मिनिटांचं काम."

डिचोलीत तुमच्या घरी खाणीचे ट्रक. तुम्ही हसलात. "चालत्या ट्रकाला टायर लावतोस काय रे? आधी बंद कर."

"हा ट्रक नव्हे, साहेब."

"बारावी नापास मला शिकवणार!"

नापास मी आहेच. पण कंपनीच्या सूचना छापून मीच तुमच्या टेबलावर ठेवल्या होत्या. तुम्ही त्यांवर चहाचा कप ठेवलात.

नुसतं बंद करूनही भागेना. गुरुदास शिपायाला देवाला गाऱ्हाणं घालायला लावलंत. यंत्र मुंबईत, नारळ माझ्या कीबोर्डापुढे. "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीक नवी डिस्क सुखरूप लागांदे..." सगळी कचेरी, "व्हय म्हाराजा!" मावशीनेही हात जोडले. देवाचं काही चुकलं नाही. यंत्र बंद करा असं तो बोललाच नव्हता.

बंद केलं, डिस्क जोडली, चालू केलं. उठेना. हे यंत्र लावून देणाऱ्या तुमच्या मर्जीतल्या ठेकेदाराने अर्जांची जुनी डिस्क तिच्या कायम क्रमांकाने नोंदलीच नव्हती. 'रांगेतली दुसरी' एवढंच लिहून मोकळा झाला होता. बंद-चालू होताना नवी डिस्क दुसरी झाली, जुनी तिसरी, आणि यंत्र कोऱ्या डिस्कमध्ये अर्ज शोधत बसलं. चालू असतानाच जोडली असती तर जुनी जागची हललीही नसती.

मी शोधून काढलं, दुरुस्त केलं. तेव्हा पाच वाजून वीस.

"बाबू, माझे कागद पोचले?"

"अर्धे पोचले गे, मावशे."

"मगे मी अर्ध्या घरात रवू?"

तुम्ही तेव्हा त्या नारळाचं खोबरं प्रसाद म्हणून वाटत होता. तिच्याही हातावर तुकडा ठेवलात.

अर्जावर 'मुदतीनंतर' असा शिक्का बसला. भाटकाराची माणसं कुंपणाचे खांब टाकून गेली. आणि तुमचा अहवाल म्हणतो, तांत्रिक बिघाड!

यंत्र बारा पंचवीसला बंद केलं गेलं, हे त्याच्या नोंदीत आहे. कोणाच्या हुकमाने, ते नाही. ते तुम्ही लिहा, सहीसकट. मावशी बाहेर बाकावर बसली आहे, उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही. आणि त्या उत्तरात 'तांत्रिक' हा शब्द नको. बोला, कोणी बंद करायला लावलं?