वाकलेल्या नळीचा घाम
प्रभाकरच्या पत्राला शरच्चंद्र मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ते काही विसरले म्हणून नव्हे. मध्य भारत हे जुनं राज्य नव्या राज्यात विलीन झालं, कचेऱ्या भोपाळला हलल्या, तसा त्यांचा हा जुना विद्यार्थीही तिकडे गेला. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, याचा तिथे घोळ चालला होता. प्रभाकरनं पाण्याच्या परदेशी नळीचे दोन लांब तुकडे पाठवले होते. काचेचे धागे राळेत गुंडाळून केलेल्या, लोखंडाहून कितीतरी हलक्या नळीचे. ‘सर, ही नाल्यावरून आडवी टाकायची आहे. योजना माझी, तिच्यावरच मी इथे टिकलोय. वाकवून पाहा आणि चालेल एवढं लिहा.’

मास्तरांनी अंगणात दोन ओंडक्यांवर एक तुकडा ठेवला, मधोमध रेतीची पोती टांगली. नळी झुकली, आतून बारीक कडकडली, पोती काढताच सरळ झाली. त्यांना हायसं वाटलं. पाणी भरून पुन्हा वाकवली, तेव्हा मात्र खालून ओल लागली. की आपल्याच हाताचा घाम? स्वतःच्या चाचणीवर त्यांचा कधीच भरवसा नसे.

ते भैरवगढला जाऊन कापड छापणाऱ्या छीप्याकडून लाल रंग घेऊन आले. पाण्याला दाब यावा म्हणून गच्चीवर डबा ठेवून रबरी नळीनं त्या तुकड्यात रंगीत पाणी सोडलं, पोती टांगली. नळी कुठेच तुटली नाही. तिच्या पोटाशी मात्र लाल थेंब उमटले.

“ओंडक्यांच्या कडा रुतल्या असतील,” ते पुटपुटले.

“मग गोधडी घाला खाली,” त्यांची पत्नी अंबिकाबाई म्हणाल्या. “मोहल्ल्यात विचारतायत, मास्टरसाब रंगरेज कधी झाले म्हणून.”

गोधडी घालून दुसरा तुकडा वाकवला. ताण सर्वांत जास्त होता तिथेच पुन्हा थेंब आले.

“प्रभाकरची बायको पोटुशी आहे,” मास्तर म्हणाले. “नोकरी गेली तर?”

“अहो, तुम्ही गप्प बसलात तर तो होकारच समजेल. मग पुढे नाल्यावर पाझरलं की नाव कुणाचं?”

“माझंच चुकलं असेल तर?”

“तर दुसऱ्याला विचारेल तो. लिहा तरी.”

त्यांनी लिहिलं, ‘नळी तुटत नाही. पण वाकली की आत बारीक चिरा पडतात आणि पाणी पाझरतं. टाकू नकोस.’ खाली ‘माझी चूक असू शकेल’ असं लिहिलं, मग खोडलं.

माधव नगरच्या डाकघरात पेटीशी त्यांचा हात अडला.

“बाबूजी, डालना हो तो डालो,” मागचा माणूस म्हणाला.

मास्तरांनी पत्र आत सोडलं.