आधी सूर, मग शब्द

"माफ करा, पण तुमच्यातल्या दोन बायकांची यंत्राकडे पाठ आहे," मिस्टर ब्रँट म्हणाला.

"आणि बाकीच्यांची भिंतींकडे आहे," कोलंबस स्ट्रिकलंड म्हणाला. "भिंती काही कुरकुरल्या नाहीत अजून."

अटलांटातल्या त्या रिकाम्या फर्निचरच्या गोदामात नऊ माणसं चौकोन करून बसली होती. चार बाजूंना दोन-दोन, प्रत्येक बाजूचा सूर वेगळा, तोंडं आत, आणि मधोमध थर्मन गेडिस एकटा उभा. भिंतींवर घोंगड्या ठोकल्या होत्या. रस्त्याचा आवाज नको म्हणून जून महिन्यात खिडक्या बंद. बेथेल चर्चच्या मंडळींनी सवयीने पुठ्ठ्याचे पंखे बरोबर आणले होते. त्यांवर एका बाजूला मेंढपाळ येशू होता आणि दुसऱ्या बाजूला अंत्यविधीचं सामान विकणाऱ्याची जाहिरात. त्यांची फडफड यंत्रात उतरते म्हणून ब्रँटने ते आल्याआल्या काढून घेतले होते.

"बरं, पण चर्चमध्ये तुम्ही असेच बसता? मग ऐकणारे कुठे बसतात?"

"ऐकणारे?" कोलंबसने बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आपलं काहीतरी राहून गेलं की काय, अशी शंका पहिल्यांदाच त्यांच्या मनात आली असावी. "ऐकायला कोण येतं, साहेब? जो येतो तो गायलाच येतो."

न्यूयॉर्कहून ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी गाणी गोळा करत हिंडणारा ब्रँट पुढे झाला. त्याने मायक्रोफोनच चौकोनाच्या मध्ये, थर्मनच्या छातीसमोर आणून ठेवला.

तसं ते वर्षच विलक्षण होतं. एकोणीसशे अठ्ठावीसमध्ये जॉर्जियाच्या त्या भागात ज्याच्या हातात फिडल, म्हणजे गावठी व्हायोलिन, नव्हतं त्याच्यावर वॉरंट तरी होतं, आणि काहींची दोन्ही बाबतींत सोय होती. कापडगिरणीजवळच्या न्हाव्याची फिडलवरची दोन गाणी तबकडीवर आली होती. तेव्हापासून तो दाढी करताना मध्येच थांबून लांब कुठेतरी बघे, आणि गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसे. तुरुंगातल्या एका कैद्याने रेल्वे अपघातावर रचलेलं गाणं इतकं खपलं, की शेरीफने त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. पाद्रीबुवांनी रेडिओविरुद्ध सलग तीन रविवार प्रवचनं दिली. चौथ्या रविवारी त्यांना रेडिओवर बोलावणं आलं आणि तो विषय संपला.

या सगळ्या धामधुमीत ब्रेझवेल गिरणीत माग दुरुस्त करणाऱ्या थर्मनने ब्रँटला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, याचं सगळ्यांना नवल वाटलं. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने कुणाकडे मीठसुद्धा मागितलं नव्हतं. "जुनी गाणी टिकली पाहिजेत," असं त्याने चर्चमध्ये सांगितलं. ते खरंही होतं. पण मार्चमध्ये डॉक्टरने त्याच्या बायकोची, आयडेलाची, छाती तपासून म्हटलं होतं, की कापसाची धूळ पार तळाला बसलीये आणि पानगळीनंतर हिने गाण्याचं नाव काढू नये. थर्मन त्या दिवशी घरी येताना दोनदा रस्ता चुकला. त्याच आठवड्यात ते पत्र गेलं.

तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याचे कान जवळजवळ गेले होते. घरात आयडेला त्याच्याशी बोले ती तोंडाच्या हालचालींनी आणि क्वचित लाटण्याने. पण चौकोनाच्या मध्ये उभं राहिलं, की चारी बाजूंचे आवाज अंगावर येत, आणि त्यांत सगळ्यांत वरचा सूर धरणाऱ्या बाकावरून तिचा आवाज येई. तेवढाच त्याला स्वच्छ ऐकू येई. तिथेच तो तिला ऐकत आला होता.

आज तिच्या चेहऱ्याला उन्हात वाळवलेल्या कपड्याचा रंग आला होता.

"असा बघू नकोस माझ्याकडे," ती ओठांनी म्हणाली. "कोंबडी विकत घ्यायला आल्यासारखा."

"नीट ऐका," ब्रँट म्हणाला. "हा दिवा लाल झाला की सुरू. तीन मिनिटांनी मेणाची तबकडी भरते, दिवा विझतो. तुमच्या वाट्याला तीन मेणं आहेत. तुमच्यानंतर करवतीवर गाणी वाजवणारा एक माणूस आहे."

"करवत?" कोलंबस म्हणाला. "आणि आमच्या बसण्याला नावं ठेवतोय."

दिवा लाल झाला. थर्मनने हात वर नेला, खाली आणला आणि नऊ गळे एकदम सुटले: फा, सोल, ला...

यंत्रापाशी, काचेमागे, ब्रँट खुर्चीवरून उठला. त्याला वाटलं, ही मंडळी गळे तापवतायत. पण बेथेलमध्येच काय, त्या सगळ्या मुलखात शंभर वर्षं हेच चालत आलं होतं. पुस्तकात त्रिकोण, गोल, चौकोन अशा आकारांचे सूर छापलेले. गाणं काढलं की आधी अख्खं गाणं त्या सुरांच्या नावांनी म्हणायचं, आपल्याकडच्या सरगमसारखं. मग शब्द. तेही सावकाश, कारण घाई कुणालाच नसे. पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत दिवा विझला.

"ते फा-सोल-ला नको," ब्रँट घाम पुसत म्हणाला. "कुणी विकत घेणार नाही ते. सरळ शब्दांवर या."

"सूर म्हटल्याशिवाय शब्दांवर कसं येणार?" आयडेलाच्या शेजारची बाई म्हणाली. "हात न धुता जेवल्यासारखं."

"एक दिवस न धुता जेवा, ताई."

ते तयार झाले. एकमेकांना बजावून झालं. दुसरं मेण चढलं, दिवा लाल झाला, थर्मनचा हात खाली आला. आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, खुद्द थर्मनच्या तोंडून "फा" निघाला. बाकीचे त्याच्या मागोमाग गेले. पुढारी खड्ड्यात पडला तर आपण काठावर उभं राहणं त्यांना बरं दिसलं नसावं.

दिवा विझल्यावर कोलंबस म्हणाला, "थर्मनभाऊ, तुला बहिरा समजत होतो. तू नुसता मठ्ठ आहेस."

ब्रँट ओरडला नाही. त्याने काचेमागून मेणाची ती जाड तबकडी दोन्ही हातांवर धरून बाहेर आणली, ताज्या लोण्याच्या गोळ्यासारखी. "हे वायाच गेलंय. तुम्हाला वाजवून दाखवतो, म्हणजे चूक कळेल. पण एकदाच. सुई फिरली की मेणावरची रेघ मरते." थर्मनने मान डोलावली.

यंत्राच्या कर्ण्यातून आधी नुसती खरखर आली. मग त्या कर्ण्यातून बेथेल चर्च बाहेर पडलं.

त्या मंडळींतल्या एकानेही हे गाणं कधी बाहेरून ऐकलं नव्हतं. सगळे जन्मभर त्याच्या आतच बसले होते. थर्मनला वाटलं, चाळीस वर्षं आपण नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो, आणि आज कुणीतरी उचलून टेकडीवर नेलं आणि म्हणालं, बघ, ती एवढी मोठी आहे. तो कर्ण्याजवळ गेला. टोपी काढली. कान जवळजवळ कर्ण्याच्या आत घातला. खालून कोलंबसचा खर्ज जमिनीसारखा पसरला होता, आणि त्या सगळ्याच्या वर, कशालाही न टेकता, आयडेलाचा सूर. त्यात धूळ नव्हती, डॉक्टर नव्हता. एकोणीस वर्षांची आयडेला ज्या ताकदीने चर्चच्या छपराला हात लावायची तीच ही. शब्द नाहीत, नुसतं फा-सोल-ला.

करवतवाला दाराशी येऊन उभा होता. त्याने करवत हळूच भिंतीला टेकवली.

सुई शेवटाला आली. मग शेजारची बाई आयडेलाला म्हणाली, "अगं, आपण असे गातो?"

आयडेलाने मान हलवली. तिचे डोळे भरले होते. "मला वाटायचं, एवढं वरपर्यंत फक्त देवालाच ऐकू जातं."

थर्मन ब्रँटकडे वळला. "हेच ठेवा. हेच छापा."

"आता नाही छापता येत, मिस्टर गेडिस. मी सांगितलं होतं. सुई फिरली."

"पण ती यात..." थर्मन थांबला. मेणाकडे बघत राहिला. त्यावरच्या रेघा आता धुळीत ओढलेल्या बोटासारख्या पुसट दिसत होत्या. ऐकायला मिळेल म्हणून त्यानेच तर मान डोलावली होती.

ब्रँटचा आवाज बदलला होता. "तिसरं मेण आहे. सूर म्हणा. तुमच्या पद्धतीने म्हणा. फक्त जरा चालीत घ्या आणि एका कडव्यावर थांबा. विक्रीचं मी बघतो."

तिसऱ्या वेळेला हवा उरली नव्हती. थर्मनने हात नेहमीपेक्षा झपाझप चालवला. सूर झाले. शब्द आले. तिसऱ्या ओळीत, जिथे वरचा सूर सगळ्यांना सोडून एकटा चढतो, तिथे आयडेलाचा आवाज निम्म्यावर थांबला. एक ठोका, दोन ठोके. शेजारची बाईही घाबरून थांबली. खाली तीन बाजू चालू, वर काहीच नाही. मग आयडेलाने कुठूनतरी श्वास गोळा केला आणि पुढच्या शब्दावर परत आली. दिवा विझला तेव्हा शेवटचा सूर नुकताच संपला होता.

"हे चालेल," ब्रँट म्हणाला.

परतीच्या गाडीत आयडेलाने थर्मनचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे फिरवला. "तिथे माझा दम तुटला."

"कुठे? मला नाही ऐकू आलं."

"खोटारडा!"

"मी बहिरा आहे. गिरणीत विचार कुणालाही."

ती हसली, मग खोकली, मग त्याच्या खांद्यावर झोपली.

ऑक्टोबरमध्ये तबकडी आली. गेडिसांकडे ग्रामोफोन नव्हता, म्हणून आयडेला टोपी घालून न्हाव्याच्या दुकानात गेली आणि अर्धवट साबण लावलेल्या पाच पुरुषांच्या मध्ये बसून स्वतःला ऐकून आली. "मी कुठे थांबले ते आता सगळ्या जॉर्जियाला ठाऊक झालं," ती घरी येऊन म्हणाली, आणि ते तिला इतकं गमतीचं वाटलं, की थर्मनलाही हसावं लागलं. डिसेंबरात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, साप्ताहिकाने 'सरत्या वर्षातल्या संगीताच्या ठळक घडामोडी' छापल्या. न्हाव्याला अर्धा रकाना, कैद्याला फोटो, करवतवाल्यालाही चार ओळी. सगळ्यांत शेवटी होतं: 'बेथेल चर्चच्या मंडळींनीही एका परकीय भाषेत गाणं म्हटलं आहे.'

तो अंक आला त्याच्या आदल्या मंगळवारी आयडेला गेली.

पुढच्या जूनमध्ये बेथेलच्या वार्षिक गाण्याला लोक दोन काउंटी पलीकडूनसुद्धा आले. झाडांखाली लांब टेबलांवर तळलेली कोंबडी आणि पीच भरून भाजलेल्या गोड पाई मांडल्या होत्या. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचून झाल्यावर त्यांच्यासाठी एक गाणं म्हणायची रीत आहे. ते म्हणवून घ्यायला थर्मनला मध्ये बोलावलं. त्याने अटलांटात म्हटलेल्या त्याच गाण्याच्या पानाचा आकडा सांगितला. वरच्या सुराच्या बाकावर पाच अनोळखी पोरी बसल्या होत्या, दुसऱ्या कुठल्यातरी गिरणीतल्या. त्या हे गाणं पुस्तकातून नव्हे, खाणावळीत वाजणाऱ्या बेथेलच्या तबकडीवरून शिकल्या होत्या.

सूर झाले. शब्द सुरू झाले. तिसऱ्या ओळीत, वरचा सूर एकटा चढतो तिथे, त्या पाचही पोरी निम्म्यावर थांबल्या. चुकल्यासारख्या नव्हे, ठरवून, एकत्र, माना ताठ ठेवून. त्यांच्या मते गाणं तसंच होतं. बेथेलच्या जुन्या बायका एक अक्षर पुढे गेल्या, बावरल्या आणि त्याही गप्प झाल्या.

कोलंबसने खर्ज न सोडता थर्मनकडे पाहिलं. चूक झाली तर थांबवून दुरुस्त करणं हे मध्ये उभ्या असलेल्याचं काम असतं.

थर्मनने गाणं थांबवलं नाही. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. तिसरी ओळ आली, वरचा बाक गप्प झाला, आणि त्याच वेळी थर्मनचा हात वर गेला तो तिथेच राहिला. तो हात खाली आल्याशिवाय त्या चौकोनात कुणी गात नाही. खर्ज थांबला, बाकीच्या दोन बाजू थांबल्या. दीडशे माणसं तोंडं उघडी ठेवून त्या हाताकडे बघत राहिली. बाहेर टेबलांवरच्या माश्या ऐकू येत होत्या.

दोन ठोके.

मग हात खाली आला, आणि सगळे पुढच्या शब्दावर गेले.