सदतिसावी सही

डेपोत तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे. बावीस वर्षं कंडक्टर, आणि आवाज असा की तिनं "पुढे सरका" म्हटलं की मागून येणाऱ्या गाड्याही सरकतात, असं तिचा ड्रायव्हर म्हणायचा. त्याला सगळे भाऊ म्हणत. तो दिवसाकाठी जी दोन-चार वाक्यं बोलायचा, त्यातलं हे एक.

अशा बाईनं त्या कागदावर सही केली, तेव्हा तोंडातून चकार शब्द काढला नाही.

खरं काय घडलं होतं ते डेपोत झाडू मारणाऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सात नंबरच्या बसचे ब्रेक धरत नव्हते. मिस्त्रीनं तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तर पाळी बदलताना, सगळ्यांच्या देखत. हातातला पान्हा मॅनेजरच्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "साहेब, लायनर संपलेत. लोखंडावर लोखंड घासतंय. ही गाडी बाहेर काढू नका."

पण त्या दिवशी डेपोतल्या चौदा धडधाकट गाड्या पथकाच्या सभेला माणसं वाहायला गेल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, "एक दिवस चालवा, काही होत नाही." आणि दवाखान्याच्या उतारावर सात नंबर सुटली ती थेट भिंतीवर. दोघं जागच्या जागी गेले, एक म्हातारे गृहस्थ आणि कामावर निघालेली एक नर्स. त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दोन्ही पायांचा चुरा झाला.

पथक म्हणजे दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावर टवाळक्या करणारी पाच-सात टाळकी. आता प्रत्येक कचेरीत कोणाच्या ना कोणाच्या बाहीवर त्यांचा राखाडी पट्टा दिसायचा. त्यांचा सगळा राग नदीपलीकडून आलेल्या घरांवर. ती माणसं इथं येऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, तरी हे त्यांना ‘पलीकडचे’ म्हणत. मिस्त्रीचा आजोबा तिकडून आलेला. एवढं पुरलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला शेडमधून, गाडीखालच्या खड्ड्यातून वर ओढून पोलिसांनी नेलं. अंगावर ग्रीसचे कपडे तसेच.

तिसऱ्या दिवशी पथकाचा प्रमुख कागद घेऊन डेपोत आला. पूर्वी हा याच डेपोत कंडक्टर होता. एका प्रवाशाचं थोबाड फोडलं म्हणून नोकरीवरून गेलेला. आता मॅनेजर त्याला स्वतःची खुर्ची देत होता. कागदावर लिहिलं होतं, "अपघाताच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मिस्त्रीला सात नंबरच्या गाडीखाली संशयास्पद काम करताना पाहिले."

मिस्त्री गाडीखाली नाही जाणार तर काय टपावर बसून वारा खाणार? तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं हे. प्रमुख गोड हसला. "ताई, तुमची मुलगी कॉलेजातून साडेपाचला सुटते ना? एकटीच येते घरी?"

तिनं सही केली. सदतिसावी. तिच्यामागे भाऊनं केली. एकूण एक्केचाळीस झाल्या.

पंधरा दिवसांत प्रत्येक बसमध्ये पोस्टर लागलं. वर मिस्त्रीचा फोटो, खाली ‘एक्केचाळीस साक्षीदार’ आणि सगळ्यांच्या सह्या, हुद्द्यांसकट. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत, ‘पलीकडच्यांना घरं देऊ नका, कामं देऊ नका.’ तिच्या गाडीत ते नेमकं ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर चिकटवलेलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतःच्या सहीकडे बघत तिकिटं फाडायची. पहिल्या दिवशी तिनं नजर चुकवली. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, आपण सबंध फेरीत एकदाही ओरडलो नाही. प्रवासी दारात दाटीवाटीनं उभे, आणि आपण मूग गिळून कोपऱ्यात.

पाचव्या दिवशी मिस्त्रीची बायको गाडीत चढली. हातात कपड्यांची पिशवी. तुरुंगाच्या थांब्याचं तिकीट मागितलं. पोस्टरकडे एकदा बघितलं, मग तिच्याकडे.

"सदतीस नंबर तुमचा ना, ताई?"

तिनं मान हलवली.

"त्यांचा उजवा हात मोडलाय. आत." आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "घरमालकानं पंधरा दिवसांची मुदत दिलीय. हा कागद दाखवला त्यानं. आत त्यांनाही पोलिसांनी तो दाखवला. तुमची सही त्यांनी ओळखली. म्हणाले, ती बाई खोटं लिहिणार नाही, कोणीतरी तिच्या नावानं केली असेल."

तुरुंगाचा थांबा आला. बाई उतरून गेली.

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग प्रमुखाचा होता, मॅनेजरचा होता, त्या हसऱ्या तोंडाचा होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा होता. आपल्या नावावर त्या माणसाचा अजूनही विश्वास होता आणि त्याच नावानं त्याचा हात मोडला होता! तिनं बेल ओढली. गाडी चालू लागायच्या आत काचेपाशी गेली आणि पोस्टर वरपासून खालपर्यंत टराटरा फाडलं.

"अहो बाई, काय करताय!" पथकाचा एक पट्टेवाला उठला.

"माझी सही आहे, मी फाडतेय. तुमची आहे का यावर? नाही ना? मग बसा खाली! आणि तिकीट दाखवा."

त्याच्याकडे तिकीट नव्हतं. तिनं त्याला पुढच्या थांब्यावर उतरवलं. आरशातून भाऊ बघत होता. तो माणूस पुरता उतरायच्या आधीच त्यानं गियर टाकला.

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि त्याच्या पाचावर धारण बसली. "अगं, पोरीचा तरी विचार कर!"

"पोरीचाच विचार करून केली होती सही. काय मिळालं? उद्या दुसरा कागद आणतील. त्यावर तुमचं नाव असेल, मग काय करू? सही?"

"सगळ्यांनी केली. तू एकटी काय दिवे लावणार?"

"अहो, बावीस वर्षं मी एकटीच पन्नास माणसांना पुढे सरकवतेय."

मुलगी आतून आली. म्हणाली, "आई, साडेपाचला मी मैत्रिणींबरोबर येईन. चौघी आहोत. तू जा."

दुसऱ्या दिवशी ती युनिफॉर्ममध्येच पोलीस ठाण्यात गेली. टेबलामागच्या अधिकाऱ्याला म्हणाली, "माझी सही परत द्या."

"काय?"

"एक्केचाळीस जणांच्या कागदावर सदतिसावी. खोटी आहे. मी काही बघितलं नाही. मिस्त्री मॅनेजरला गाडी काढू नका म्हणत होता, ते मात्र बघितलंय. ते लिहून घ्या, आणि ती परत द्या."

अधिकाऱ्याला आधी हसू फुटलं. "बाई, सही काय उसना डबा आहे परत द्यायला? आणि खोटी साक्ष दिली म्हणता, तर तुम्हालाच आत टाकावं लागेल."

"टाका. पण आधी लिहून घ्या."

"नाही लिहून घेत."

"मग इथंच उभी राहून सांगते." आणि बावीस वर्षांचा तो आवाज तिनं सोडला. बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी ऐकलं, रस्त्यापलीकडच्या दुकानदारानं ऐकलं. दहा मिनिटांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं. कागदाचा चिटोराही मिळाला नाही.

ती तडक डेपोच्या कँटीनमध्ये गेली. दुपारची पाळी बदलत होती, साठेक माणसं चहा पीत होती. ती बाकावर चढली.

"मी खोटी सही केली. भ्याले म्हणून केली. मिस्त्रीनं तीनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा आपण सगळे तिथंच होतो. दोन माणसं मेली ती मॅनेजरनं मारली, आणि पथकाच्या सभेनं मारली. कोर्टात परवा तारीख आहे. मिस्त्रीच्या वकिलाकडे मी हे लिहून देणार आहे. कोण येतंय?"

कोणी कपातून वर बघेना. एक जण हळूच उठून बाहेर गेला, प्रमुखाला कळवायला, हे सगळ्यांना समजलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अरे, बोला की! चहात काय पडलंय?"

तेव्हा भाऊ उठला. लोकांना वाटलं, कप ठेवायला चाललाय. तो बाकापाशी आला आणि वर बघून म्हणाला, "तू केलीस म्हणून मी केली होती. तोफ गप्प बसली, म्हणजे आता बोलण्यात अर्थ नाही, असं वाटलं मला." मग थांबून म्हणाला, "माझीही खोटी आहे. लिही."

हे तिला पथकाच्या धमकीपेक्षा जास्त लागलं. आपल्यामागे आणखी कितीजणांनी मान खाली घातली असेल? पण रडत बसायला वेळ नव्हता. सात नंबरच्या ड्रायव्हरचा मेहुणा टायर विभागात होता, तो उठला. मग तिकीट खिडकीवरची बाई. तेवढ्यात प्रमुख चार पट्टेवाले घेऊन दारात हजर. "कोणाला फार बोलायचंय?" असं म्हणत तो थेट तिच्याकडे निघाला आणि त्यानं बाकाला लाथ घातली. ती पडली, कोपर फुटलं. पण उठून उभी राहिली तोवर तिच्यापुढे ड्रायव्हरांची रांग लागली होती. त्यांनी मारलं नाही कोणाला. नुसते हाताची घडी घालून उभे राहिले. ज्याचं ऐकून लोक कागदावर सह्या करत होते, त्याला कँटीनच्या दारातून उलट्या पावली जाताना सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी लिहून दिलं. तारखेच्या दिवशी कोर्टात सव्वीस जण युनिफॉर्म घालून उभे होते. उरलेले पंधरा आले नाहीत. त्यातले दोघं आजही तिच्याकडे बघत नाहीत.

मिस्त्रीला जामीन मिळाला. केस अजून चालू आहे. मॅनेजरचं बढतीवर मोठ्या डेपोत जाणं तेवढं लांबलं. तिची मात्र गाडी काढून घेतली आणि तिला चौकशी खिडकीत बसवलं. पथकाचे पट्टे अजून दिसतात, डेपोत जरा कमी, एवढंच.

मिस्त्री सुटल्यावर ती त्याच्या घरी गेली. नवीन खोली होती, एका ड्रायव्हरच्या ओळखीनं मिळालेली. हात गळ्यात बांधलेला. बायकोनं पाणी दिलं.

"आधी का केलीत?" मिस्त्रीनं विचारलं.

"भ्याले."

त्यानं ऐकून घेतलं. ‘असू दे’ म्हणाला नाही, आणि ते बरंच झालं, कारण तिला ते ऐकवलं नसतं. मग म्हणाला, "नऊ नंबरचे लायनर बदलले का?"

"नऊ नंबरचे?"

"तेही संपत आले होते. शेवटच्या आठवड्यात मी सांगितलं होतं."

"कोणी बदलले असतील असं वाटत नाही. काल फेरीला गेली होती गाडी."

"अजून नाही?" मिस्त्री ताडकन उठला. इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. "दोन माणसं मेली, मी हात मोडून घेतला, आणि गाडी तशीच? आणि तुम्ही सगळे बघत बसलात?"

ती उठली. डेपोपर्यंतचा रस्ता तिनं जवळजवळ पळतच कापला.

नऊ नंबर फाटकापाशी उभी होती, प्रवाशांनी भरलेली, इंजिन सुरू. स्टिअरिंगवर एक नवा ड्रायव्हर. ती खिडकीखाली जाऊन ओरडली, "लायनर संपलेत! मिस्त्रीनं सांगितलंय!"

ड्रायव्हरनं मॅनेजरच्या खोलीकडे पाहिलं. मॅनेजर दारात येऊन हात नाचवत होता, "काढ, काढ गाडी, उशीर होतोय!" शेजारच्या गाडीतून भाऊ उतरला. मग त्याच्या पलीकडचा. एकेक करून ड्रायव्हर खाली उतरले आणि नऊ नंबरच्या पुढे येऊन उभे राहिले.

नव्या ड्रायव्हरनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"उतरा मंडळी," ती प्रवाशांना म्हणाली. "ही गाडी जाणार नाही. दुसरी मागवा म्हणून माझ्याबरोबर ओरडा!"