विहिरीमागची पट्टी

माझी नणंद एलोदिया उत्तरेत परक्यांच्या टोमॅटोच्या मळ्यांत बरीच वर्षं राबून परत आली, तेव्हा तिला एकच गोष्ट हवी होती. स्वतःची चूल. आमच्या डोंगरात जमीन गावाची असते. सभेने तिला विहिरीमागची चिंचोळी पट्टी दिली आणि बजावलं, एका हंगामात पोटापुरतं पिकवून दाखव, नाहीतर पट्टी दुसऱ्याला देऊ आणि तू राहा भावाकडे. भाऊ म्हणजे माझा नवरा एर्मिलो. त्याने तिच्यासाठी एक कोपरा झाडूनही ठेवला. नणंदेवर माझा जीव आहे, पण माझ्या स्वयंपाकघरात दुसरी बाई मला खपायची नाही.

जागा एवढीशी, म्हणून तिने आमच्यासारखंच एका खड्ड्यात मका, घेवडा आणि भोपळा पेरला. मक्यावर घेवडा चढतो, भोपळा खाली पसरून ओल धरतो. पण मक्याचं बी तिने उत्तरेतून आणलेलं, लवकर येणारं आणि बारीक धाटाचं. घेवडा मात्र आपल्या डोंगरातला, आडदांड.

"वन्सं, हा घेवडा त्या मक्याच्या मानगुटीवर बसणार," मी म्हटलं.

"बसू दे वहिनी. मका लवकर आला की सभेचं तोंड लवकर बंद होईल."

कणसं भरत आली आणि एका दुपारच्या वाऱ्यात सगळी पट्टी आडवी झाली. एर्मिलो आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"घेवडा कापून टाक. मका तरी वाचेल."

"आणि वर्षभर खाऊ काय?"

"आमच्याकडे ये की खायला. कोपरा तयार आहे."

एलोदियाचा चेहरा उतरला. मला असा संताप आला म्हणता! "तुम्ही घरी जा आणि कोंबड्या कोंडा," मी नवऱ्याला म्हटलं आणि घागरा खोचला.

घेवडा आम्ही कापलाच नाही. भोपळ्याच्या पानांखाली माती ओली होती, त्यामुळे बरीचशी मुळं धरून राहिली होती. शेजारशेजारची धाटं उभी करून आम्ही त्यांचे शेंडे घायपाताच्या वाखाने एकत्र बांधले आणि बुडाशी माती ओढली. मोडली ती गेली. घेवडा मग एका जुडीवरून दुसऱ्या जुडीवर निवांत पसरला.

मका थोडा कमी आला, खोटं कशाला बोलू. पण शेंगा ओंजळीत मावेनात, आणि भोपळे तर विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. सभेची म्हातारी मंडळी आली, तिच्या तव्यावरच्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, आणि भोपळ्याच्या फुलांचं कालवण खाऊन गेली. पट्टी तिचीच राहिली.

सगळ्यांत शेवटी एर्मिलो जेवायला बसला.

"म्हणजे आता तू आमच्याकडे येणार नाहीस," तो म्हणाला. हातातला तुकडा त्याने परत ताटात ठेवला. कोपरा त्याने कशासाठी झाडला होता, ते मला तेव्हा कळलं.

"येईन ना दादा," एलोदिया त्याच्या ताटात घेवडा वाढत म्हणाली. "पाहुणी म्हणून येईन. वहिनीने दारात उभं केलं तर."

"बघू," मी म्हटलं आणि तिच्या चुलीत लाकूड सारलं.